हाडवैर

मनकर्णाबाई पडली ती जिन्यावरून नाही की कुणाच्या गाडीवरूनही नाही. नळाला पाणी आलं होतं. पैठण रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत पाणी कधीमधी येतं, आणि आलं की घरातल्या बाईला जिवाचं भान राहत नाही. हौदाजवळच्या ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. पडली म्हणण्यापेक्षा बसलीच म्हणायचं. पण तोल सावरायला तिनं उजवा हात टेकला आणि मनगटातून वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला.

आतून तिच्या नवऱ्यानं, तात्यासाहेबांनी विचारलं, "काय पाडलं गं?"

"मी पडले."

"हंड्याला पोचा नाय ना आला?"

तिनं डाव्या हातानं हंडा सरळ केला, नळ बंद केला आणि मगच मनगटाकडं पाहिलं. ते भलतीकडंच वळलं होतं.

कॉलनीत मनकर्णाबाईला गोड म्हणणारं कुणी नव्हतं. तिच्या दारात भाजीवाला वजनात खोट करायला धजत नसे, आणि शेजारणी साखर मागायला तिच्याकडं येत नसत. देवगाव रंगारीच्या चांगल्या जमीनजुमल्याच्या घरात ती दिलेली. तात्यासाहेबांना चितेगावच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा ती दोन लेकरं घेऊन शहरात आली. आता लेकरं आपापल्या संसाराला लागली होती, तात्यासाहेब रिटायर होऊन कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष झाले होते, आणि घरात दोघंच उरली होती. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. काम नसलं की भांडत.

प्लास्टर निघाल्यावर हाडाच्या डॉक्टरनं तिला एका डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांनी हाडांची तपासणी करवून घेतली आणि विचारलं, "वय काय तुमचं?"

"चोपन्न."

"हाडं पंचाहत्तरीची आहेत. पाळी कधी गेली?"

"गेली नाय. पिशवी काढली, तवा बंद झाली."

"तेव्हा वय किती होतं?"

"तिशी ओलांडली होती. पोरगी शाळेत जायला लागली होती तवा."

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर झोपवलं आणि पोटावर यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग म्हणाल्या, "गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"मला कोण सांगतंय?"

बाईंनी तिला समजावून सांगितलं. बाईच्या अंगात एक रस तयार होतो, तो हाडं सांभाळतो. पाळी जायच्या वयाला तो आपोआप आटतो. तुमचा ऐन तारुण्यात एका दुपारी बंद केला. त्या वर्षी अंगाची आग व्हायची का? झोप उडाली होती का? राग यायचा का?

मनकर्णाबाईला ते वर्ष आठवलं. पुसाच्या थंडीत ती ओसरीवरच्या फरशीला पाठ लावून पडायची आणि तरी घामानं चिंब व्हायची. सासू म्हणायची, हिला बाहेरचं लागलंय. रात्र रात्र डोळा लागायचा नाही आणि सकाळी कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी तळपायाची आग मस्तकाला जायची. पोरांना मारायची. तेव्हापासून घरात, भावकीत, पुढं कॉलनीत सगळ्यांनी ठरवून टाकलं की मनकर्णा खाष्ट आहे. तिनंही ते मान्य केलं होतं. आपण स्वभावानंच वाईट आहोत असं ती वीस वर्षं धरून चालली होती.

"औषध देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एकट्या औषधानं भागणार नाही. हाडाला ओझं लागतं. वजन उचला, टाचा आपटा, तोल सांभाळायला शिका."

"बाई, मी जन्मभर ओझीच उचलली."

"ती वाकून, पाठ मोडून उचललीत. आता सरळ पाठीनं उचलायची, आणि हळूहळू वाढवत न्यायची. तुमच्याच कॉलनीच्या सभागृहात अजराबाई वर्ग घेतात. त्यांच्याकडं जा."

घरी आल्या आल्या तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. तात्यासाहेब मोबाईल बघत बसले होते. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझी पिशवी काढली तवा आजून काय काय काढायला सांगितलं होतं तुम्ही?"

तात्यासाहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आता ते कामून उकरून काढू राहिली?"

"इचारलं त्याचं सांगा."

"डॉक्टर म्हणला, उघडलंच हाय तर सगळंच साफ करून टाकू, पुन्हा कटकट नको. मी म्हणलं, करा."

"मला इचारलं?"

"तू बेशुद्ध होती." ते पुन्हा मोबाईलकडं वळले. "अन् काढायचं ठरलं ते काय मी नाय ठरवलं. आक्काला इचार. तीच घेऊन गेली होती तुला."

आक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, आशाबाई. मनकर्णाबाईला तेव्हा अंगावरून जास्त जायचं, हे खरं. पण त्याचा त्रास तिच्यापेक्षा घराला होता. देवगावच्या त्या घरात चार दिवस बाजूला बसायची रीत होती, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत चार दिवस दोन हात कमी पडत. आशाबाईनं स्वतःची पिशवी आधीच काढून घेतली होती. ती सांगायची, "माझ्याकडं बघ, कसली भानगड नाय. देवाचं करायला मोकळी, रानात जायला मोकळी." तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात तीच हात धरून घेऊन गेली. टाके सुकले न सुकले तोच मनकर्णाबाई कापसात उभी होती.

त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाक केला नाही. तात्यासाहेबांनी दूध-पोहे खाल्ले आणि भांडं मोरीत तसंच टाकून दिलं.

व्यायामाच्या वर्गाला ती गेली ती तब्येत सुधारावी म्हणून नव्हे. घरात बसलं की नवऱ्याचं तोंड दिसायचं, म्हणून गेली.

अजराबाई उर्दू शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, गळ्यात शिट्टी. त्यांची आई कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळली आणि त्यातच गेली. त्यानंतर त्यांनी रीतसर शिकून घेऊन पाळी गेलेल्या बायकांसाठी हा वर्ग सुरू केला. बायका त्यांना आपा म्हणत. सभागृहाच्या एका भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या आणि कोपऱ्यात गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या जाड कापडाच्या, वाळू भरून शिवलेल्या पिशव्यांचा ढीग.

"खुर्चीत बसा," अजराबाई म्हणाल्या. "आता हात न टेकता उठा."

मनकर्णाबाई अर्धी उठली आणि धपकन खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. मागं कुणीतरी हसलं.

"उठता आलं असतं तर हितं कशाला आले असते?"

"म्हणूनच आलात. पाय मागं घ्या, छाती पुढं. परत."

"मला परत परत सांगू नका."

"करना है तो करो बाई, नै तो कुर्सी पे बैठ के देखो," असं म्हणून अजराबाई पुढच्या बाईकडं गेल्या. समजूत काढायची त्यांची रीत नव्हती. मनकर्णाबाईला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तर डोळ्यांसमोर नको झाल्या, कारण त्यांनी तिच्या दोन्ही हातांत एकेक वाळूची पिशवी दिली.

"एक पिशवी काढून घेतली," मनकर्णाबाई म्हणाली, "आता दोन हातांत दोन देऊ राहिले."

अजराबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या, "कंबरेतून वाकायचं नाही. गुडघ्यातून बसायचं, पाठ सरळ. तुमच्या मणक्यांना वाकणं परवडणार नाही."

एका सकाळी टाचा आपटायचा व्यायाम चालला होता. चवड्यांवर उभं राहायचं आणि धाडकन टाचांवर यायचं. हादरा हाडात गेला पाहिजे. मनकर्णाबाई टाचा नुसत्या टेकवत होती. अजराबाई तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "राग आहे ना तुमच्यात? तोंडातून काढू नका, वाया जातो. टाचेत घाला."

मनकर्णाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की दुसरी असती तर मागं सरली असती. पण मग ती चवड्यांवर चढली आणि आपटली. एकदा सासूच्या नावानं. एकदा त्या दवाखान्याच्या नावानं, एकदा तात्यासाहेबांच्या नावानं. आशाबाईच्या नावानं तर ती आपटतच राहिली. फरशी दणाणली. शेजारच्या बायका जरा लांब सरकल्या.

अशी ती रोज येऊ लागली. कुणाशी हसून बोलली नाही, कुणाच्या डब्यातली बर्फी घेतली नाही. पण आंब्याच्या दिवसांत ती खुर्चीवरून हात न लावता उठायला लागली आणि पोळ्याच्या सुमाराला एका पायावर उभी राहून पदर खोचायला लागली. अंगाची आग थांबली नव्हती, पण झोप लागायची. आरशात तिला आपले दंड दिसले. तरुणपणी होते तसे नव्हते, पण लोंबतही नव्हते.

मग ती एकदा बोलली. वर्ग संपून बायका भिंतीला टेकून पाणी पीत होत्या. कुणीतरी सहज विचारलं की तुमची पाळी कितव्या वर्षी गेली, आणि मनकर्णाबाईनं सगळं सांगून टाकलं. कुणी नेलं, कुणी सही केली, काय काय काढलं, हे आवाज न चढवता, नावांसकट. ती थांबली तेव्हा पलीकडं बसलेली कृष्णाबाई म्हणाली, "माझी पण काढली. बहिणीच्या लग्नात अडचण नको म्हणून." मग तिसरी बोलली. मग चौथी. अजराबाईंनी शिट्टी मुठीत धरून ठेवली होती. 

कॉलनीत गोष्ट पसरायला काय लागतं. पारावर बसणाऱ्या पुरुषांपैकी एकानं तात्यासाहेबांना विचारलं, "अध्यक्ष, वहिनी भाषणं करू राहिल्या म्हणं सभागृहात, तुमच्या नावानं?" तात्यासाहेब हसले, पण घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा काळवंडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाला कुलूप होतं. फळ्यावर लिहिलं होतं की दुरुस्तीसाठी बंद.

बायका पायरीवर जमल्या. एकजण म्हणाली, आपा, तुम्ही जाऊन बोला ना अध्यक्षांशी.

"मी भांडेन की," अजराबाई मनकर्णाबाईकडं बघत म्हणाल्या. "पण हे कुलूप सभागृहाचं नाही. हे यांच्या घरातलं आहे."

मनकर्णाबाईला त्या बोलण्याचा राग आला, कारण ते खरं होतं. तिनं दुरुस्तीच्या नावाखाली व्हरांड्यात काढून ठेवलेल्या वाळूच्या दोन पिशव्या उचलल्या आणि चालू लागली. बायका तिच्या मागोमाग निघाल्या. तिच्या घरासमोरचा रस्ता रुंद आणि सिमेंटचा होता, तात्यासाहेबांनीच नगरसेवकाच्या मागं लागून करून घेतलेला. फाटकासमोर, बरोबर त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली ती उभी राहिली.

"हितं घ्या वर्ग," ती अजराबाईंना म्हणाली.

टाचा आपटायला सुरुवात झाली तशी खिडकी उघडली. "हे काय चाललंय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"दुरुस्ती," मनकर्णाबाई म्हणाली.

रोज सकाळी त्यांच्या खिडकीखाली धडधड सुरू झाली. कामावर निघालेली माणसं गाड्या थांबवून बघायची. काही बाप्ये हसले, एकानं मोबाईलवर चित्रण केलं, तेव्हा अजराबाईंनी त्याला नाव विचारलं. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला नाही, पण नाव विचारल्यावर निघून गेला. घरात तात्यासाहेबांनी बोलणं टाकलं. जेवायला बसताना टीव्हीचा आवाज मोठा करायचे. मनकर्णाबाई ताट वाढायची आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन जेवायची. दोघंही एकमेकांना पाण्यात पाहत होती, आणि एका छपराखाली राहून ते करणं सोपं नव्हतं.

शेवटी त्यांनी देवगावला फोन लावला. आणि एका सकाळी वर्ग चालू असताना रिक्षातून आशाबाई उतरली.

मनकर्णाबाईनं तिला बऱ्याच महिन्यांनी पाहिलं. आशाबाईची पाठ कमानीसारखी झाली होती. समोर बघायला तिला मान तिरपी करून वर उचलावी लागत होती. तरी आवाज तोच होता, सगळ्या घराला कामाला लावणारा.

"लाज वाटती का? रस्त्यात उभी राहून घराची अब्रू टांगली. देवगावापर्यंत बोभाटा झाला."

"व्हय का? बरं झालं."

"तुला काय आम्ही मारून टाकलं होतं? दवाखान्यात नेलं होतं. पैसा घातला होता घरानं."

"मला न इचारता आतलं सगळं काढलं, आक्का."

"कुणाला इचारतेत? बाईला इचारून कधी काय झालंय?" आशाबाईनं काठी रस्त्यावर आपटली. "अन् तुझ्या ह्या बोंबलण्यानं माझ्या घरात आग लागली. अपेक्षाचं पुढच्या हप्त्यात आपरेशन ठरलंय. तिनं कुणाकडून तरी तुझं सगळं ऐकलं, तवाधरून रडू राहिली. म्हणती नाय करायचं."

अपेक्षा म्हणजे आशाबाईची सून, शिवराजची बायको. तिशी नुकतीच उलटलेली. मनकर्णाबाईनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

"कसलं आपरेशन?"

"कसलं म्हंजे. लई जातंय अंगावरून. काढून टाकली की मोकळी."

रस्त्यावरच्या बायकांच्या टाचा थांबल्या. मनकर्णाबाई जावेच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "तिला हात लावला ना," ती म्हणाली, "तर मी देवगावच्या वेशीत उभी राहून सांगन. हितं तर नुसता रस्ता हाय."

आशाबाई घरात जाऊन दिराच्या हातचा चहा न घेताच परत गेली. तात्यासाहेब फाटकापर्यंत आले आणि बायकोला म्हणाले, "आता देवगावला जायचं नाय. माझं घर हाय ते."

"म्हणूनच जाते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ती देवगाव रंगारीला गेली. ओसरीवर अद्रकाची पोती लागली होती. शिवराज, उंचापुरा आणि आईपुढं मान वर न करणारा, पोती मोजायच्या निमित्तानं तिथंच घुटमळत राहिला. अपेक्षा आत भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडलेले, नखं पांढरी.

"तुला काय वाटतं?" मनकर्णाबाईनं तिला विचारलं. हा प्रश्न त्या घरात आजवर कुणाला विचारला गेला नव्हता, त्यामुळं अपेक्षाला उत्तर द्यायला वेळ लागला.

"लई थकवा येतो, काकू. बंद व्हावं वाटतं. पण तुमच्यासारखं नाय व्हायचं मला."

ते ऐकून मनकर्णाबाईला बोचलं. पण ती म्हणाली, "नकोच होऊ. माझ्यासंगं चल. शहरात दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तिनं पण काढा म्हणलं तर मी तोंड बंद करते."

आशाबाई दारात आडवी उभी होती. "माझी सून माझ्या घरातून कुठं जायची नाय."

"आक्का, सरक."

"नाय सरकत. काय करशील?"

अपेक्षानं पिशवीत दोन कपडे भरले होते. आशाबाईनं त्या पिशवीचा बंद धरला आणि ओढला. मनकर्णाबाईनं तिचं मनगट धरलं. जोर केला नाही, नुसतं धरून ठेवलं, आणि आशाबाईच्या लक्षात आलं की हा हात आता हलणार नाही. तिच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं ते मनकर्णाबाईनं ओळखलं. तो राग नव्हता. नुसती भीती होती, म्हाताऱ्या माणसाला पडण्याची असते तशी. तरी तिनं हात सोडला नाही.

"मला जायचंय, आत्या," अपेक्षा सासूला म्हणाली.  "मी जाते."

शिवराजनं पोतं खाली ठेवलं. आईकडं न बघता त्यानं मोटारसायकल बाहेर काढली आणि दोघींना फाट्यावर सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी अपेक्षाला तपासलं. थायरॉईडचा त्रास होता, आणि अंगात रक्त इतकं कमी की चालत आली याचंच त्यांना नवल वाटलं. गर्भाशयात एक बारकी गाठ होती, जिच्यामुळं काही बिघडणार नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत पाळी ठिकाणावर आली, ओठांना रंग चढला. पिशवीला हात लावायची गरज पडली नाही.

म्हणून कुणी मनकर्णाबाईचे पाय धरले, असं झालं नाही. देवगावहून दरवर्षी येणारी ज्वारी आली नाही. शिवराज गुपचूप फोन करायचा, पण सणाला बोलवायची हिंमत त्याच्यात नव्हती. तात्यासाहेब भावकीतल्या प्रत्येक कार्याला एकटे जाऊ लागले आणि तिथं बायको कशी डोक्यानं फिरलीय हे सांगू लागले. सभागृहाचं कुलूप मात्र त्यांना काढावं लागलं, कारण कमिटीतल्या इतरांच्या बायकाही रस्त्यावर टाचा आपटत होत्या आणि त्यांच्या घरांतही सकाळचा चहा वेळेवर मिळेनासा झाला होता. "सुताराचं काम उरकलं," असं सांगून त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. मनकर्णाबाईनं ती काढून घेतली आणि अजराबाईंच्या हातात नेऊन दिली. परत मागायची त्यांची छाती झाली नाही.

पुढं डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी पुन्हा केली तेव्हा मनकर्णाबाई मोठ्या आशेनं खुर्चीत बसली होती.

"घट थांबली आहे," बाई म्हणाल्या.

"वाढलं किती?"

"कंबरेला किंचित. मनगटाला नाही. या वयात घट थांबली हीच मोठी गोष्ट आहे."

ती घरी आली ती चिडूनच. इतका घाम गाळून हाडानं एवढंच द्यावं, हा तिला अन्यायच वाटला. तिनं अजराबाईंना तसं बोलूनही दाखवलं. अजराबाई म्हणाल्या, "तुम्ही इतक्यात कुठं पडलात का?"

"पावसाळ्यात घसरले होते. सावरले."

"मग हाडाला कशाला शिव्या देता?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कुळातलं एक लग्न निघालं, आणि घरच्यांना तिला टाळून चालणार नव्हतं. मांडवात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. आशाबाई एका कडेला, कंबरेला पट्टा बांधून, दोन उशा मागं घेऊन बसली होती. तिचे दोन मणके दबले होते. कुठं पडली नव्हती, नुसतं पातेलं उचलताना झालं. मनकर्णाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. मायेनं नव्हे. पण बोलल्यावाचून तिला राहवेना.

"डॉक्टरीणबाईकडं ये, आक्का. त्या पट्ट्यानं काय नाय व्हायचं. औषध लागतं, अन् मग अजराबाई शिकवतेत तसं हळूहळू चालायचं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं."

"तू माझं घर फोडलं."

"फोडलं असंल. तुझे मणके मी नाय फोडले."

आशाबाई मान तिरपी करून तिच्याकडं बघत राहिली. मांडवात सनई वाजत होती, अपेक्षा पलीकडं पोरींना घेऊन बसली होती, तिच्या चेहऱ्यावर तजेला होता. आशाबाईची नजर सुनेवर गेली आणि तिथंच थांबली.

"मला तरी कुणी इचारलं होतं?" ती म्हणाली. आवाज खाली आला होता, पण त्यात गोडवा नव्हता. "सासूनं मला नेलं. मी तुला नेलं. मला वाटलं, तुझं बरंच करू राहिले. तुला नाय पटायचं."

मनकर्णाबाईला ते पटलं की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येईना. इतके दिवस ज्या नावानं टाच आपटली, ते नाव असं समोर वाकून बसलेलं तिला नको होतं. तिला आशाबाई ताठ हवी होती, भांडता येईल अशी.

"मी माफ केलं नाय," ती म्हणाली.

"मी मागितली कुठं?"

पंगत बसायची वेळ झाली. सगळ्या बायका उठल्या. आशाबाईनं उशा बाजूला सारल्या आणि उठायची खटपट सुरू केली. मनकर्णाबाईनं हात पुढं केला. आशाबाईनं तो पाहिला, घेतला नाही. मांडवाच्या खांबाला धरून, दात-ओठ खात, ती एकटीच उठली. मनकर्णाबाई ती पुरती उभी राहीपर्यंत तिथंच थांबली आणि मग दोघी वेगवेगळ्या पंगतीला जाऊन बसल्या.